व्हरांड्यातले त्रेचाळीस तास

आमच्या इमारतीत सध्या एक गोष्ट सांगितली जाते. पहिल्या मजल्यावरच्या पेपरवाल्यांनी म्हणे गणिताचा कसलासा खेळ काढला आणि त्यात स्वतःच्याच मुलीला त्रेचाळीस तास अडकवून ठेवलं. यातला 'पेपरवाला' हा शब्द मी सोडून देतो. मी पेपर टाकत नाही, पेपरात काम करतो; पण हा फरक समजावण्यात माझी अठरा वर्षं गेली आहेत आणि आता दम संपला आहे. उरलेल्या वाक्यात मात्र एक चूक आहे, आणि चुका सुधारणं हे माझं कामच आहे. आमच्या दैनिकात चौथ्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, 'दुरुस्ती' नावाचा काडेपेटीएवढा चौकोन असतो. तो माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात मी एका सभेतले वीस हजार श्रोते दोन हजारांवर आणले आणि एका सद्गृहस्थांना मरणातून परत आणलं. त्यांचा आभाराचा फोन आला नाही. या कामात तो येत नसतो.

मूळ हकिकत अशी. शाळेला तीन आठवड्यांची सुट्टी लागली त्या दिवशी लेकीच्या डायरीत गणिताच्या बाईंनी एक चिठ्ठी चिकटवली होती. सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी भागाकार, अपूर्णांक आणि मोजमाप यांची उजळणी पाहिली जाईल. ज्यांचं कच्चं निघेल त्यांना पुढचे सहा महिने पूरक वर्ग. वेळ: बुधवार आणि शुक्रवार, शेवटचा तास.

बुधवारी आणि शुक्रवारी शेवटचा तास चित्रकलेचा असतो.

लेक चौथीत आहे. तिने ती चिठ्ठी दोनदा वाचली, स्टूल ओढलं आणि रंगांची पेटी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली.

"अगं, हे काय?" मी विचारलं.

"सवय करतेय," ती म्हणाली.

तिला गणित येत नाही असं नाही. तिला ते लवकर येत नाही. ती प्रत्येक गणित पूर्णविरामापर्यंत वाचते, मग पुन्हा पहिल्यापासून वाचते, मग समासात चित्र काढते आणि तोवर वर्ग पुढच्या पानावर गेलेला असतो. मुलं तिला गोगलगाय म्हणतात. हे तिने आम्हाला कधी सांगितलं नाही; तिच्या कंपासपेटीवर कोणीतरी कोरलेलं होतं, आणि खाली तिने त्या गोगलगायीला दोन छान शिंगं काढून दिली होती.

आता कोणीही शहाणा बाप काय करेल? रोज अर्धा तास मुलीला घेऊन बसेल. मी रविवारची पुरवणी काढली. तिच्यात 'खेळता खेळता गणित' असा एक लेख आला होता: मुलांनी सुट्टीत खेळायचा सुटकेचा डिजिटल खेळ, सहा पायऱ्यांत घरच्या घरी बनवा. एक काल्पनिक घर, प्रत्येक खोलीला कुलूप, गणित सुटलं की कुलूप सुटतं, शेवटी मूल बाहेर आणि उजळणी पूर्ण. त्या लेखाची पाचवी पायरी छापायची राहून गेली होती आणि त्याची दुरुस्ती मीच दिली होती, त्यामुळे विषयावर माझी पकड होती.

बायको पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर बाटल्यांवर लेबलं लावते आणि रजिस्टरात उतरवते. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, तिच्याशेजारी नुसतं बसलात तरी चालेल," ती म्हणाली.

"नुसतं बसून काय होणार?"

"तेही खरं," ती म्हणाली. या दोन शब्दांत ती काय काय म्हणते ते मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळायला लागलं.

खेळाचं नाव ठेवलं 'सुट्टीचं कुलूपबंद घर'. कल्पना अशी: समुद्रकाठचं एक घर, सुट्टी संपत आलेली, चार वाजता बोट सुटणार, आणि घर बंद. स्वयंपाकघरात लिटर आणि मिलिलिटर, दिवाणखान्यात घड्याळ, जिन्यावर पाढे, न्हाणीघरात गळका नळ आणि अपूर्णांक. शेवटी व्हरांडा. चोवीस फूट लांब व्हरांड्याचे चार-चार फुटांचे सारखे भाग, प्रत्येक भागाच्या मधोमध एक दिवा, दिवे किती? उत्तर सहा. हे मी तीनदा तपासलं. माझ्याकडून चूक सुटत नाही, असं आमच्या कचेरीत लोक म्हणतात. निदान माझ्यासमोर म्हणतात.

चित्रं काढली आमच्याकडे पानं लावणाऱ्या कलाकाराने. त्याला आम्ही 'अर्धं पान' म्हणतो, कारण कुठलंही काम सांगितलं की तो विचारतो, "अर्धं पान पुरेल ना?" त्याने जुन्या जाहिरातींतून घर उभं केलं. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर 'फक्त तीन दिवस' असं तिरकं लिहिलेलं राहिलं, आणि स्वयंपाकघरातली हसरी बाई खरं म्हणजे दातांच्या दवाखान्याची होती. पण एकूण घर राहण्याजोगं झालं.

पहिली अडचण आकड्यांची आली. आमच्या दैनिकात आकडे देवनागरीतच, असा दंडक आहे आणि तो मी पाळतो, त्यामुळे माझी कुलपंही पाळत होती. लेकीने बरोबर उत्तर तीनदा इंग्रजी आकड्यांत टाकलं आणि तिन्ही वेळा घराने 'पुन्हा प्रयत्न करा' असं सांगितलं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी कुलपांना दोन्ही आकडे शिकवले. तत्त्वाला मुरड घालायची माझी ही पहिली वेळ, असं मी तिला म्हणालो. ती 'तेही खरं' म्हणाली.

इथवर सगळं घरातलं होतं. घात केला वरच्या मजल्यावरच्या मोजणीवाल्या काकांनी. चाळीस वर्षं जमिनी मोजून निवृत्त झालेले काका आता जिन्यात भेटणारी माणसं मोजतात. त्यांनी खेळ पाहिला आणि म्हणाले, "एका पोरीसाठी एवढं घर? शाळेला दे! सगळा वर्ग खेळेल, बाईंचं तपासायचं काम वाचेल, आणि तुझं नाव होईल."

पहिली दोन कारणं मला पटली, असं मी सगळ्यांना सांगितलं.

गणिताच्या बाई खूश झाल्या. वर्गातल्या अडतीस मुलांनी खेळ घरून खेळावा, शनिवारी दुपारी चारला सुरू करून सोमवारी सकाळी संपवावा. जी मुलं बाहेर पडतील त्यांची उजळणी झाली, जी आत राहतील ती पूरक वर्गात. म्हणजे लेकीचा चित्रकलेचा तास आता माझ्याच खेळावर टांगला गेला होता. हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं. पण बाई त्या वेळी 'फार कल्पक आहात हो' असं म्हणत होत्या.

बाई खूश असून भागत नाही. मुख्याध्यापिकांनी आधी अर्ज मागितला. मग अर्जाला जोडपत्र. मग माझी मुलगी याच वर्गात असल्याने तिला मी कोणतीही मदत करणार नाही, असं सहीनिशी पत्र. ते मी अभिमानाने दिलं. निःपक्षपाती असल्याचा लेखी पुरावा आमच्या धंद्यात सहसा मिळत नाही. शेवटी प्रकरण शाळेच्या सुरक्षा समितीकडे गेलं. समितीत मुख्याध्यापिका, खेळाचे सर आणि विमा विकणारे एक पालक.

"मुलं कुलपात?" विमावाल्यांनी विचारलं.

"खेळातली. चित्रात."

"चित्रातली असू देत. बाहेरून कडी कोण लावतं?"

"कोणीच नाही. ती लागलेलीच असते."

"म्हणजे जबाबदार व्यक्ती नाही," असं म्हणत त्यांनी लिहून घेतलं. "आणि आग लागली तर?"

"आग लागत नाही. मी आग लिहिलेली नाही."

"आग लिहून लागत नसते," विमावाले म्हणाले, आणि समितीने माना डोलावल्या.

मी बदलांची यादी घेऊन घरी आलो. नावातून 'कुलूपबंद' काढायचं. मुलं आत राहतील ती स्वखुशीने, हे स्पष्ट हवं. त्यामुळे विमावाल्यांनीच सुचवलेलं 'स्वेच्छेने थांबण्याचं घर' हे खेळाचं अधिकृत नाव झालं. प्रत्येक खोलीत एक जबाबदार प्रौढ व्यक्ती हवी. 'अर्ध्या पाना'ने सुरक्षारक्षकांच्या एका जाहिरातीतला मिशीवाला उचलला आणि सगळ्या खोल्यांत बसवला.

"न्हाणीघरातसुद्धा?" बायको ओरडली.

त्याला तिथे भिंतीकडे तोंड करून बसवण्यात आलं.

व्हरांड्याची दोन्ही टोकं अंधारात राहतात, असाही आक्षेप निघाला. गणितात टोकं अंधारात नसतात, असं मी म्हणून पाहिलं. "मुलं पडतात ती टोकावरूनच," खेळाचे सर म्हणाले. तेव्हा मी भाग आणि मधोमध वगैरे काढून टाकलं, खांब घातले, दिवे खांबांवर लावले आणि दोन्ही टोकं उजळून टाकली. हे वाक्य मी रात्रीच्या जेवणाआधी बसून लिहिलं आणि मला ते फार आवडलं.

"अहो, आमच्याकडे बाटलीवरचं लेबल बदललं की रजिस्टर त्याच हाताने बदलतात," ताटं मांडता मांडता बायको म्हणाली. "नंतर म्हणून ठेवत नाहीत."

"ही प्रयोगशाळा नाही," मी म्हणालो.

शेवटचा बदल: प्रत्येक खोलीला संकटकालीन मार्ग, आणि त्याला कुलूप असता कामा नये. तोही केला. शुक्रवारी इमारतीतल्या सहा मुलांना बोलावून चाचणी घेतली. सहाही मुलं अकरा सेकंदांत घराबाहेर होती. कोणी एकही गणित वाचलं नाही. आत एकटा मिशीवाला उरला.

"सुरक्षित आहे," काका म्हणाले.

यावर उपाय मुख्याध्यापिकांनीच सुचवला. संकटकालीन मार्ग उघडाच राहू दे, पण तो त्यांच्या केबिनमध्ये निघू दे. 'अर्ध्या पाना'ने त्यांचा चष्म्यावरून पाहणारा फोटो लावला आणि खाली ओळ टाकली: 'इतक्यात आलात?' पुन्हा चाचणी घेतली. त्या मार्गाने कोणीही गेलं नाही.

शनिवारी चार वाजता अडतीस घरांत खेळ सुरू झाला. मी लॅपटॉपवर बसून पाहत होतो. पहिला मुलगा नऊ मिनिटांत बाहेर. मग रांगच लागली. सहा वाजेपर्यंत बत्तीस. पालकांच्या ग्रुपवर अंगठे, फुलं, टाळ्या. एका आईने मला 'शिक्षणातले अभियंता' म्हटलं. मी ते दोनदा वाचलं.

लेक पाच वाजून दहा मिनिटांनी व्हरांड्यात पोचली. तिच्या मानाने हा वेग जबरदस्त होता. नंतर काहीच हललं नाही.

रविवारी सकाळी सदतीस मुलं बाहेर होती. लेक जेवणाच्या टेबलावर चित्रकलेच्या वहीचं पान घेऊन बसली होती. रंगांची पेटी खाली आली होती, एवढीच काय ती बरी गोष्ट. नोंदीत दिसत होतं: तिने सात हे उत्तर एकोणीस वेळा दिलं होतं. मी उत्तरांचा तक्ता उघडला. व्हरांडा, सहा. तीनदा तपासलेलं.

"पुन्हा नीट वाच," मी दारातून म्हणालो. पत्र दिलेलं असल्यामुळे मी खोलीत शिरत नव्हतो.

"वाचलं, बाबा."

"मग पुन्हा वाच."

"अहो, सांगून टाका ना एकदाचं," बायको म्हणाली.

"सही केली आहे मी."

"पोटच्या पोरीविरुद्ध?"

दुपारी काका खाली आले. त्यांनी पडद्याकडे नजर टाकली. "चोवीस भागिले चार. सहा! पोरी, एवढं सोपं, आणि तू कालपासून?"

"काका, तुम्ही पूर्ण वाचलंत का?"

"मी चाळीस वर्षं जमिनी मोजल्या."

"हो, पण वाचलंत का?"

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "पोर हट्टी आहे रे." मग तिला म्हणाले, "सहा टाक, बाहेर ये, मोकळी हो. तुझा तो चित्रांचा तास वाचेल."

लेकीने पेन्सिल खाली ठेवली. तिला तो तास किती हवा होता हे त्या टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला माहीत होतं. तिने सहावर बोट नेलं, थांबली, आणि हात मागे घेतला.

"पण सहा नाहीयेत ते," ती म्हणाली.

त्या रात्री मला झोप लागली, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. माझं उत्तर बरोबर होतं आणि मी नियमाने वागलो होतो. अशा माणसाला झोप चांगली लागते.

सोमवारी सकाळी शाळेत गेलो. संगणकाच्या खोलीत मुख्याध्यापिका, बाई आणि फळ्यावर यादी. बाहेर पडलेले सदतीस. आत एक. मी लॅपटॉप उघडून ठेवला. मला हातात काहीतरी देऊन फोटो काढायचं ठरलं होतं, पण ते कोणी लवकर सुरू करत नव्हतं.

"अहो, वाईट वाटून घेऊ नका," बाई हळूच म्हणाल्या. "पूरक वर्गात मी स्वतः लक्ष देईन."

लेक माझ्याशेजारी उभी होती. तिने दप्तरातून वहीचं ते पान काढलं आणि बाईंच्या टेबलावर पसरलं. समुद्र होता, बोट होती, मिशीवाला होता. त्याच्या हातात तिने पतंग दिला होता. आणि व्हरांडा. पट्टीने काढलेला, बरोबर चोवीस सेंटिमीटर, दर चार सेंटिमीटरवर एक खांब, प्रत्येक खांबावर एक पिवळा दिवा.

"बाई, यातला कुठला काढू?" तिने विचारलं.

"म्हणजे?"

"सहा करायचे तर एक काढायला लागेल. कुठला काढला तरी तिथे अंधार होतो."

बाईंनी पेनाच्या टोकाने दिवे मोजले. मग मुख्याध्यापिकांनी मोजले. मग मी मोजले, आणि पोरीने एक खांब जास्त काढला आहे अशी खात्री असल्यामुळे पट्टी मागून घेतली. पट्टी बरोबर होती. तेव्हा मी लॅपटॉप पुढे ओढला आणि माझंच वाक्य मोठ्याने वाचायला लागलो. "व्हरांडा चोवीस फूट लांब आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दर चार फुटांवर खांब आहे आणि प्रत्येक खांबावर एक दिवा. दोन्ही टोकांच्या खांबांवरही..."

इथे मी वाचणं सोडून उत्तरांचा तक्ता उघडला.

आमच्या धंद्यातली ही सगळ्यात जुनी चूक. बातमीत आकडा बदलायचा आणि मथळ्यात तसाच ठेवायचा. यावर मी नव्या उपसंपादकांना दर वर्षी तासभर बोलतो. समितीच्या आग्रहावरून मी वाक्य बदललं होतं. उत्तराचा तक्ता जुन्या व्हरांड्याचाच राहिला होता. लेबल नवं, रजिस्टर जुनं.

"सात आहेत," मी म्हणालो.

"हो," लेक म्हणाली. तिच्या आवाजात विजय वगैरे काही नव्हता. कोणीतरी शेवटी वाचलं, एवढंच होतं.

"पण मग ही सदतीस मुलं?" मुख्याध्यापिकांनी फळ्याकडे पाहिलं.

बाई चष्मा पुसायला लागल्या. "मीही खेळले होते. आठ मिनिटांत बाहेर आले."

मी नोंदी उघडल्या. तेवीस मुलांनी सरळ सहा लिहिलं होतं. चौदा मुलांनी मात्र आधी सात लिहिलं होतं. दार उघडलं नाही, म्हणून त्यांनी सहा केलं आणि ती बाहेर पडली. चौदा मुलांना बरोबर उत्तर आलं होतं आणि माझ्या घराने त्यांना ते पुसायला लावलं होतं. ही ओळ मी वाचून दाखवली. बाईंनी उठून फळा पुसला. पूर्ण.

"आणि हा पूरक वर्ग चित्रकलेच्या तासाला कोणी ठेवला?" त्यांनी विचारलं.

"तो तास मोकळा होता," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"मोकळा नव्हता. चित्रकला होती," बाई म्हणाल्या, आणि ते पान उचलून त्यांनी मुख्याध्यापिकांच्या समोर धरलं.

पूरक वर्ग आता मंगळवारी सकाळी पहिल्या तासाआधी भरतो, ज्याला हवं त्याने यायचं. आमची लेक अपूर्णांकांसाठी जाते. न्हाणीघरातला नळ तिने पाच प्रयत्नांत ओलांडला होता आणि तो कसा ओलांडला हे तिला अजून नीट कळलेलं नाही, असं ती स्वतःच म्हणते. बुधवारी आणि शुक्रवारी शेवटचा तास ती चित्रं काढते. कंपासपेटीवरच्या गोगलगायीला आता एक व्हरांडा आहे.

त्याच खोलीत बसून मी पालकांच्या ग्रुपसाठी दुरुस्ती लिहिली. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याच चुकीची होती, त्यामुळे ती चौकोनापेक्षा बरीच लांब झाली. बायकोने नंतर वाचून अर्धी केली. काका तिची छापील प्रत हातात घेऊन खाली आले. "चाळीस वर्षं," ते म्हणाले, "हद्दीला दगड लावताना दर वेळी एक कमी पडायचा. मी आमच्या शिपायावर संशय घेत आलो."

आता इमारतीतल्या त्या गोष्टीची दुरुस्ती. माझी मुलगी त्रेचाळीस तास त्या घरात अडकली होती, असं सांगितलं जातं. ते चूक आहे. संकटकालीन मार्ग पूर्ण वेळ उघडा होता, समितीने तो उघडाच ठेवायला लावला होता, आणि चुकीचं उत्तर देऊन समोरच्या दारानेही तिला बाहेर पडता येत होतं. ती अडकलेली नव्हती. ती थांबली होती. विमावाल्या पालकांनी दिलेलं नावच शेवटी अचूक ठरलं, ही गोष्ट मी इथे जड मनाने मान्य करतो.

राहिलं एक. त्या सोमवारी सगळ्यांच्या देखत मी तक्त्यात सहाचे सात केले. लेक खुर्चीवर बसली आणि तिने विसाव्यांदा सात लिहिलं. दार उघडलं, समुद्र दिसला, 'अर्ध्या पाना'ची बोट हलली आणि पडद्यावर प्रशस्तिपत्र आलं. 'शाब्बास! तुम्ही इतक्या वेळात बाहेर पडलात: ४३ तास, १२ मिनिटं.'

मागे कोणीतरी हसलं. मी घाईघाईने की-बोर्ड ओढला. "थांब, बाळा. चूक माझी होती, ही वेळ मी दुरुस्त करतो. सत्तर मिनिटं टाकतो. तेवढ्यातच तू व्हरांड्यात पोचली होतीस."

तिने माझा हात बाजूला केला आणि छापण्याचं बटण दाबलं.

"बाबा, ते बदलू नकोस," ती म्हणाली. "तेवढाच वेळ लागला."